डागाखालचं दुखणं

सोमवार, ६ फेब्रुवारी १९३३

दवाखान्यात आज एकवीस बायका! परशुरामपंत डॉक्टरांच्या हाताखाली काम सुरू करून महिना झाला, पण एवढ्या प्रथमच. 'बाईडाक्तर आलीय' ही बातमी हातखंब्यापलीकडे पोचली म्हणायची. आप्पा जेवताना मुद्दाम आकडा विचारतात आणि आईकडे बघतात. घरातली पहिली पदवी — कौतुक अजून सरत नाही. मला ती कुणाच्या तरी उपयोगी पडायला हवी आहे.

शेवटची मैना. वय अठरा. हातखंब्याच्या पुढल्या गावातून बैलगाडीनं आली. बरोबर सासू गोदा. नवरा काशीराम मुंबईला गिरणीत. दोन दिवस पोट दुखतंय. विचारावं मैनेला, उत्तर द्यावं सासूनं.

"कुठं दुखतंय?"

"येवढी शिकलीस, आन् आमालाच इचारतेस?"

बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले.

लुगडं सैल केलं. उजवीकडे, बेंबीच्या खाली, विळा तापवून दिलेला डाग. ओला. बोट लावताच मैना कळवळली. डाग चिघळलेला — दुखणारच! चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून लावायला दिलं. पोटदुखीवर डाग देतात म्हणून गोदाला चांगलं सुनावलं. बरं वाटलं सुनावून. गाडी परत गेली.

दिवेलागणीला डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "डाग उजवीकडे. मग डावीकडे दाबलंस का?"

नाही.

"अगं, डाग दुखतं तिथंच देतात. देणाऱ्याचा उपाय चुकतो, जागा नाही चुकत. तू डाग बघितलास आणि त्याच्याखाली बघायचं सोडलंस."

नाडी एकशे बारा होती — नुसत्या डागानं एवढी धावत नाही. मीच कागदावर लिहिली होती! पण मी रागावले होते. राग आला की बोटं बहिरी होतात.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

पहिल्या मोटारीनं हातखंबा, पुढे पायी. मैना गोधडीवर, उजवा पाय पोटाशी घेतलेला. सरळ करवेना. डावीकडे, डाग नव्हता तिथं, हळू दाबलं.

"इथं दुखतं?"

"हिकडं नाय. तिकडं — डागाकडं."

दाबलं एकीकडे, दुखलं दुसरीकडे. हात एकदम उचलला तशी ओरडली. नुसती कातडी डावीकडे दाबून उजवीकडे दुखत नसते. दुखणं आतलं. अपेंडिक्स. आजच्या आज कापायला हवं.

गोदा दारात आडवी. ती गावची सुईण, हे तिथं गेल्यावर कळलं.

"प्वाट फाडायचं तर काशीरामाला तार करा. बायको त्याची हाय."

तार जाऊन उत्तर यायला दोन दिवस! म्हटलं, तेवढा वेळ नाही.

"लगीन झालंय तुजं? नाय ना? मग पोटातलं तुला काय कळायचं? साठ पोरं काढलीत ह्या हातांनी!"

वाद घातला नाही. तिचाच हात घेतला आणि मैनेच्या पोटावर डावीकडे ठेवला. "मावशी, हळू दाबा. आता सोडा — एकदम."

तिनं दाबलं, सोडलं. मैना किंचाळली आणि पोट गोदाच्या तळव्याखाली फळीसारखं ताठ झालं. गोदाला ते कळलं — माझ्यापेक्षा लवकर, माझ्यापेक्षा नीट. हात तसाच ठेवून म्हणाली, "पोर आडवं आलं तरी येवढं कठीण नसतं."

मग अंगणाकडे वळून ओरडली, "बैल जुपा रे!"

तार नवऱ्याला कळवण्यापुरती केली. परवानगीचा अंगठा गोदानंच दिला. पाच वाजता सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया.

बुधवार, ८ फेब्रुवारी

फुटलेलं होतं. पू पोटभर पसरलेला.

सर्जन म्हणाले, "एक दिवस आधी आणायला हवी होती."

एक दिवस आधी आणलीच होती. माझ्याकडे.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

ताप एकशे चार. गोदा मैनेच्या पायाशी बसून. तिला सांगितलं — सोमवारी मी चुकले, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"डाग मी दिलेला," एवढंच म्हणाली.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

मैना सकाळी आठ वाजता गेली. काशीरामची मुंबईहून येणारी बोट दुपारी बंदराला लागली.

रविवार, १२ फेब्रुवारी

दवाखान्यात दोन दिवस गेले नाही. डॉक्टर घरी आले. आईनं दिलेला चहा प्यायले, म्हणाले, "उद्या ये. घरात बसून बोटं सुधारत नाहीत."

सोमवार, २० फेब्रुवारी

आता न दुखणारी बाजू आधी तपासते. डोळे रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवते, हातावर नाही. वेळ फार जातो. बायका कुरकुरतात. भाट्याहून आलेली एक म्हातारी आज सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दुखतंय हिकडं, आन् बाई चाचपते तिकडं! विसरभोळी हाय गो!"

मंगळवार, २८ मार्च

दवाखाना उघडायच्या आधीच गोदा पायरीवर. मांडीवर डोकं ठेवून एक पोर, बारा-तेरा वर्षांची. शेजाऱ्याची राही. आत नेऊन निजवली. परकर सैल केला. पोटावर कुठं काही नाही.

गोदा म्हणाली, "काल सांजेला पोटात धरलं. डावीकडं दाबून सोडलं, तर उजवीकडं वरडली. डाग नाय दिला. आता तुमी बघा."