सूनबाईच्या खोलीपर्यंत न पोचलेली तार

मर्गिलान, नवरोज उलटल्यावरचा पहिला रविवार

सर्व मानपान आधी तुमचा, मग बाकी जगाचा, असे आमचे व्याहीबुवा तुरसुनअली अका यांना मिर्झाअहमद विणकराचा छातीवर हात ठेवून सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? विहीणबाईंच्या डोळ्याचं पाणी थांबलं का? कोकंदला जर्दाळू फुलले, की वाऱ्यानं मोहर झोडपला? गाय व्याली का, आणि व्याली असल्यास कालवड ना? ज्यांची खुशाली विचारायची राहिली त्यांची दोनदा विचारली असं समजावं. (तुमच्या घरी सध्या आमचंही एक माणूस आहे. तिची चौकशी कोणत्या तोंडानं करावी ते कळेना, म्हणून कंसात करतो. झेबिनिसो वेळेवर जेवते ना? ती कामात असली की ताट तसंच राहतं, जरा लक्ष ठेवा.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

सूनबाई रुसून माहेरी का आली, हे तिनं तुम्हाला सांगितलं नसणार. सासरचं उणंदुणं तोंडातून काढायचं नाही, हे तुमच्या घरचं वळण. पण त्यामुळे आमचं उणंदुणं आम्हालाच सांगायची वेळ येते. परवा एलमुरोदला (माझा मुलगा, तुमचा जावई, आणि दोघांनाही सारखाच निरुपयोगी) तिला आणायला धाडलं होतं. तो तुमच्याकडे पोटभर सामोसे खाऊन एकटाच परत आला आणि म्हणाला, "बाबा, ती म्हणते, मला बसायला जागा झाली की येईन." पुढं काय म्हणाली विचारलं, तर म्हणे सामोसे भोपळ्याचे होते. तेव्हा हकिगत मीच लिहितो. माझं मागणं काहीच नाही. फक्त या घराची लेक परत यावी, आणि नाहीच आली तर निदान माझा मूर्खपणा तुम्हाला नीट समजलेला असावा.

आमच्यात म्हणतात, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. (रागावू नका. घोडं उत्तम होतं. आम्हालाच बसता आलं नाही.) तुम्ही लेकीबरोबर संगणक दिलात, तिला ताश्कंदच्या कंपनीचं हिशेब ठेवायचं काम घरबसल्या मिळालं, आणि त्यासाठी आम्ही घरात इंटरनेट घेतलं. कंपनीच्या माणसानं रस्त्याकडून वायर आणली. रस्त्याकडे आमची पाहुण्यांची खोली. सूनबाईच्या सासूनं, आमच्या ओयदिननं, त्याला भिंतीला भोक पाडू दिलं ते तिथंच, कारण तो स्वतः पाहुणा होता. मग तिनं तो राउटर कोनाड्यात, चिनी मातीच्या ठेवणीतल्या किटल्यांमध्ये बसवला आणि वरून भरतकामाचा रुमाल घातला. राउटरला एवढा मान आजवर कुणी दिला नसेल. पण आमच्या भिंती तुम्हाला ठाऊक आहेत. आजोबांनी कच्च्या मातीच्या घातलेल्या, हातभर जाड. ज्या भिंतीतून शेजारचं भांडण ऐकू येत नाही (आणि ते ऐकायला आम्ही किती झटलो), तिच्यातून बिनतारी लहर काय येणार? सूनबाईची खोली अंगणापलीकडे, द्राक्षाच्या मांडवाच्या आणि तंदूरच्याही पुढे. तिथं लहरीचा एक टिपूसही पोचेना. मग ती संगणक घेऊन पाहुण्यांच्या खोलीतच एका कोपऱ्यात बसू लागली.

आता त्या खोलीत पाहुणे येतात, याला मी काय करू? पाहुणा बापापेक्षा मोठा. एकदा शेजारचे कोचकोर अका करवत मागायला आले. पडद्यावर सूनबाईचे ताश्कंदचे साहेब टाय लावून बोलत होते. अकांना वाटलं, पाहुणा आलाय. त्यांनी छातीवर हात ठेवून सलाम केला, साहेबांच्या वडिलांची, मुलांची, गुरांची चौकशी केली, आणि साहेब पलीकडे आपलंच हिशेबाचं बोलत राहिले, तसे अका चिडले. "पोरी, ज्याला सलामाला जवाब देता येत नाही त्याची चाकरी करू नकोस." पण जाताना मोठ्या मनानं दोन्ही हात वर करून साहेबांसाठी दुवा मागितली. तेव्हा साहेबांनाही रीतीप्रमाणे कंपनीच्या सगळ्या माणसांदेखत तोंडावरून हात फिरवावे लागले.

आणि चहा. आपल्याकडे पेला अर्धाच भरायचा, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा विचारता येतं. मान पाहुण्याचा आणि गुडघे सुनेचे. ओयदिन मनानं वाईट नाही हो. तिच्या सासूनं तिला उठबस करायला लावली, ती तिनं हसत केली (असं ती म्हणते, माझी आई वेगळं सांगायची). तिच्या तोंडातून पाहुणा दिसला की "सूनबाई, चहा!" आपोआप निघतं, शिंकेसारखं. सूनबाई आकडे सोडून उठायची, ओतायची, बसायची, पुन्हा उठायची. एक दिवस तिच्या बेरजेत चूक निघाली, ती तिच्या आयुष्यातली पहिली. मी तिचा चेहरा पाहिला आणि छाती ठोकून म्हणालो, "पोरी, तुझ्या खोलीपर्यंत वायर मी आणून देतो."

शाळा मी बाहेरूनच पाहिलेली, पण माग, रेडिओ आणि मोहल्ल्यातली शिलाई यंत्रं माझ्या हाताखाली बरी झाली आहेत. केबलचं भेंडोळं आणलं, पारदर्शक जॅक आणले, ते दाबायचा चिमटा आणला. केबल सोलली आणि व्याहीबुवा, माझे डोळे भरून आले. आत आठ बारीक तारा, चार जोडप्यांच्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येकीबरोबर तिचा पांढरट पट्ट्याचा जोडीदार, एकमेकांना पीळ घालून. सूनबाईनं सांगितलं की जॅकमध्ये आधी नारिंगी जोडपं, मग हिरव्यातला एकटा पांढरट, मग निळं जोडपं, मग राहिलेली हिरवी, शेवटी तपकिरी. मी मान डोलावली. पण बोटं ऐकेनात. ज्याचं उभं आयुष्य रेशमाच्या रंगाला रंग लावण्यात गेलं, त्यानं हिरव्या नवरा-बायकोच्या मध्ये निळं जोडपं आणून बसवायचं? असा रेशमी अत्लस मी विणला असता तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकला असता. मी गुपचूप हिरव्याशेजारी हिरवी लावली. दोन्ही टोकांना तशीच लावली, लबाडी नको म्हणून. तपासायच्या खोक्यावर आठही दिवे लागले. कोचकोर अका म्हणाले, "उस्ताद!" ओयदिननं पुलाव चढवला.

पण इंटरनेट लंगडायला लागलं. मधूनच साहेब तोंड उघडं ठेवून थिजायचे, जांभई देणाऱ्या उंटासारखे. ओयदिन म्हणाली, दृष्ट लागली. तिनं राउटरला धुरी दिली, त्यानं खोलीतले पाहुणे खोकले पण साहेब हलले नाहीत. शेवटी सूनबाईनं जॅक उजेडात धरला आणि हसत सुटली. (हसली होती हो, तेव्हा हसली होती. हे विहीणबाईंना वाचून दाखवा.) म्हणाली, "बाबा, कामाला तिसरी आणि सहावी तार मिळून जातात. त्या एकाच पिळातल्या हव्यात. तुमच्या मांडणीत तिसरी एका घरची आणि सहावी दुसऱ्या घरची झाली, मग त्या भांडणारच." मी म्हटलं, पण जोडी फुटते ना. ती म्हणाली, "सगळा रस्ता ती एकमेकांना बिलगूनच येतात. तोंडाशी बोटभर अंतर पडलं म्हणून संसार मोडत नाही." तिनं दोन्ही टोकं नव्यानं केली आणि इंटरनेट धावायला लागलं. ते थोडे दिवस आमच्या घरात सुख होतं.

पण वायर मांडवावरून लोंबत होती आणि ओयदिन तिच्यावर ओल्या गाद्या वाळत घालू लागली. तेव्हा वायर जमिनीत पुरायची ठरली. इथं मी दुसरी चूक केली. एकट्यानं पुरायची सोडून हशर बोलावली. आपल्या लोकांना फुकट हात लावायला बोलावलं की सगळा मोहल्ला कुदळी घेऊन येतो, आणि कुदळ घेऊन आलेला माणूस थोड्या कामावर परत जात नाही. सकाळी आम्ही मांडवाच्या कडेनं चर खणून वायर पुरली. दुपारी पुलाव झाला. पोटं भरल्यावर कोचकोर अका म्हणाले, "एवढे हात जमलेच आहेत तर हिवाळ्यात पुरलेले द्राक्षाचे वेलही काढून देऊ." काढले. थंडीनं जळू नयेत म्हणून वेल आम्ही त्याच पट्ट्यात पुरलेले होते. सकाळी जे गाडलं ते दुपारी त्याच लोकांनी त्याच उत्साहानं खणून काढलं. वायरीला कुणाची कुदळ लागली ते कुणीच कबूल करीना, आणि विचारणार तरी कुणाला, सगळे माझंच अन्न खाऊन उपकार करत होते.

नेमकी त्याच वेळी सूनबाईची परीक्षा चालू होती. साहेब तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. पडदा मेला. ती संगणक छातीशी धरून अंगणातून धावली, सगळ्या मोहल्ल्यानं पाहिलं. पाहुण्यांच्या खोलीत हशरीतल्या बायका बसलेल्या. ओयदिननं तिला पाहिलं आणि (वाईट मनानं नाही, सवयीनं) किटली पुढं केली. "बरी आलीस पोरी, चहा निवला बघ."

सूनबाईनं संगणक खाली ठेवला. एकेकीला चहा ओतला. किटली ठेवली, नव्या नवरीसारखी तीनदा वाकून सलाम केला, आणि पिशवी भरायला गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

साहेब भले निघाले, त्यांनी येत्या शुक्रवारी पुन्हा वेळ दिली आहे. ती तुमच्याकडून परीक्षा देईल आणि पास होईल, याची मला खात्री आहे. मला भीती आहे ती त्यानंतरची. जिथं काम नीट होतं तिथून माणूस उठत नाही. मी तुटलेली वायर जोडली, सात दिवे लागतात. पुन्हा जोडली, सहा लागले. कोचकोर अका म्हणतात आणखी एक हशर बोलावू. मी फाटकाला आतून कडी घातली आहे. नान तंदूरमध्ये करपते. ओयदिन माझ्याशी बोलत नाही, आणि बोलायला लागली तर काय बोलेल या धास्तीनं मीही अंगण खणत राहतो. माणूस हरतो म्हणजे काय ते मला या वयात वायरीनं शिकवलं.

विहीणबाईंना सलाम, धाकट्यांना दुवा.

तुमचा,
मिर्झाअहमद

ता.क. एलमुरोद म्हणतो तुम्ही नवी केबल पाठवणार आहात. कृपा करून पाठवू नका. पुलाव शिजवायची ताकद घरात उरलेली नाही.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तोच ओयदिन अंगणात आली आणि माझ्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. "अहो विणकर, राउटर कुठं आहे?" म्हटलं, पाहुण्यांच्या खोलीत. "मग पोरीला तिथंच बसवा की. वायरीपेक्षा पाहुणे हलवायला सोपे." एवढं बोलून तिनं स्वतःच्या हातानं किटल्या बाहेर काढल्या, गाद्या बाहेर काढल्या, खिडकीशी टेबल लावलं आणि सुताराला बोलावून दाराला आतून कडी बसवली. मी खड्ड्यात उभा राहून पाहत होतो. वर लिहिलेलं सगळं खणणं कशासाठी होतं, ते मला विचारू नका.

ता.क. तिसरा, आणि हेच खरं मागणं. शुक्रवारनंतर सूनबाईला तुम्ही स्वतः घेऊन या. ओयदिन कोचकोर अकांना त्या दारातून परत पाठवू शकेल, तिची तयारी झाली आहे. पण तुम्ही व्याही. तुम्ही फाटकात दिसलात की तिचा धीर सुटेल, ती ती खोली उघडेल आणि म्हणेल, "आत या, वर बसा." आणि सूनबाई नेमकं तेवढंच पाहत उभी असेल. त्या वेळी तुम्ही नाही म्हणा. व्याह्याला उघड्यावर बसवलं म्हणून मर्गिलान आम्हाला नावं ठेवील, ती मी सोशीन. तुम्ही मांडवाखाली माझ्या शेजारी बसा आणि मनात धरू नका. अंगणात अजून वारा बोचतो, जाड अंगरखा घालून या.