वरच्या मजल्यावरची बंद खिडकी

बॉन, जुलै २००६, संध्याकाळ

हवामानबदलाशी जर्मनीने किती जुळवून घेतलं, याच्या आमच्या अहवालात आज ‘उष्णतेचा इशारा’ या मुद्द्यापुढे हिरवा रंग लागला, म्हणजे ते काम जमलं. मी विचारलं, "पण इशारा ऐकून लोक तसं वागतात का?" आमचे प्रोफेसर म्हणाले, "हे बघ, ते कसं मोजणार? इशारा पोहोचतो, म्हणजे हिरवा."

घरी आले, तर वरच्या मजल्यावरच्या श्मिट आजींची खिडकी बंद. वर जाऊन विचारलं, तर इशारा त्यांनी रेडिओवर ऐकला होता. मी दिलेला पंखा अजून खोक्यातच. "वारा लागला की मान धरते," म्हणाल्या. घामाने निथळत होत्या, अंगात स्वेटर! काय करायचं? जबरदस्तीने खिडकी उघडायची?

अंगणात बसून हे लिहितेय. सारखी वर बघतेय. खिडकी बंदच. अहवालाप्रमाणे आजी सुरक्षित आहेत.