उद्याच्या शिपायाचं जाकीट

३ जानेवारी
नवी वही. संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. आज साडेसातला उठलो, पण पहिला दिवस धरत नाहीत.
दुसरा संकल्प: ‘उद्याचा शिपाई’ प्रोजेक्ट मार्चअखेर हातावेगळा करणे. हेल्मेटच्या काचेवर नकाशा, छातीवर रेडिओ, पाठीला बॅटरी, आणि हे सगळं अंगाला बांधणारं जाकीट. जाकीट माझं. हेल्मेट शेजारच्या विभागाचं, म्हणून बिघडतं.

११ जानेवारी
चाचणी तुकडीचा हवालदार आला. बावीस वर्षं पायदळात. काही दाखवलं की आधी मान आडवी हलवतो, म्हणून मी त्याचं नाव ‘नन्ना’ ठेवलंय. म्हणाला, साहेब, एकतीस किलो झालं. मी म्हटलं, सव्वातीस. म्हणाला, बरं, सव्वातीस. शिपाई चढेल हो डोंगर, पण वर पोचल्यावर लढायचं कोणी?
उत्तर तयार होतं. तेवढ्यात डायरेक्टर साहेबांचा फोन आला.

२ फेब्रुवारी
प्रात्यक्षिक. मोठे पाहुणे. उजव्या खांद्यावरची पट्टी एकदा ओढली की जाकीट सुटतं, ही मूळ सोय. शिपायाने कडक सॅल्यूट ठोकला, पट्टी अंगठ्यात अडकली, आणि चार वर्षांचं संशोधन पाहुण्यांच्या बुटांवर पडलं. पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत.
रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, पडलं तर पडलं, कोणाला लागलं तर नाही ना? तिला टेक्निकल बाजू कळत नाही.

५ फेब्रुवारी
तोडगा काढला! पट्टीच काढून टाकली. तिच्या जागी तीन बकलं, ठरावीक क्रमानेच उघडणारी. आता भूकंप झाला तरी जाकीट पडणार नाही. शिवण विभागातल्या बाई म्हणाल्या, पट्टी बरी होती. त्यांना शिवणीतलं कळतं, सिस्टिममधलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

१४ फेब्रुवारी
नन्नाने लेखी शेरा पाठवला: कोरड्या हाताने चाळीस सेकंद. ओल्या हातमोज्यांनी उघडत नाही. पट्टी परत लावावी.
ओल्या हातमोज्यांनी जाकीट काढायला सांगितलंय कोणी? खाली लिहिलं, ‘सराव वाढवावा’, आणि सही ठोकली.
पहाटे उठणं सोमवारपासून.

१ मार्च
पुढच्या आठवड्यात नदी ओलांडण्याची चाचणी. नन्ना केबिनमध्ये येऊन उभा. बस म्हटलं तरी बसला नाही. पट्टी लागेपर्यंत पाण्यातली चाचणी थांबवा म्हणाला. मी म्हटलं, तारीख वरून आलीय. साहेबांनी फोनवर विचारलं, सेफ आहे ना? मी म्हटलं, शंभर टक्के. नन्ना समोरच उभा होता.

७ मार्च, दुपारी
चाचणी झाली.
त्याने आपल्या माणसांना जाकीट घालू दिलं नाही. म्हणाला, आधी मी जातो. पाणी छातीपर्यंत. मधोमध पाय घसरला, दोर हातातून सुटला.
मी किनाऱ्यावर स्क्रीनसमोर. लोकेशन शेवटपर्यंत अचूक. नाडीही दिसत होती. मग दिसेनाशी झाली. मला आधी वाटलं, सेन्सर गेला.
वीस मिनिटांनी त्याला बाहेर काढलं. दोन बकलं उघडलेली होती. तिसरं नाही.

८ मार्च
मुद्दे. एक, दोर जुना होता. दोन, पाणी अंदाजापेक्षा जास्त होतं. तीन, वय. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने पुढे व्हायलाच नको होतं. चार, सिस्टिमने पाण्याखालूनही काम केलं, हे कोणी बोलत नाही.
अंत्यविधीला बायको एकटीच गेली. मला रिपोर्ट लिहायचा होता. परत आली तेव्हा तिने सांगितलं, हवालदाराच्या बायकोने विचारलं, साहेब नाही आले? रागाने नाही. नुसतं विचारलं.
रिपोर्टचं एकच पान झालं.

१६ मार्च
चौकशीचं पत्र. घाबरण्याचं कारण नाही. बेचाळीस स्लाइड्स तयार केल्या.
फाइलमध्ये त्याचा शेरा सापडला. खाली माझी सही. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. प्रामाणिकपणा म्हणू का? तीन विभागांकडे कॉपी आहे.

२२ मार्च
चौकशी.
स्लाइड्स लावूच दिल्या नाहीत. अधिकारी म्हणाले, जाकीट घाला. घातलं. पाण्याच्या बादलीत हातमोजे बुडवून दिले. म्हणाले, आता काढा.
कोरडी खोली. पंखा चालू. समोर घड्याळ. पहिलं बकल निघालं. दुसऱ्यापाशी बोटं सटकायला लागली. ओढाताणीत खुर्चीवरून खाली गेलो. पाठीच्या बॅटरीमुळे उठता येईना. कासव उलटावं तसा. कोणी हसलं नाही. चार मिनिटांनी मीच ओरडलो, काढा, काढा हे. शिवण विभागातल्या बाई मोठी कात्री घेऊन आल्या.
दाराजवळच्या खुर्चीवर हवालदार साहेबांची बायको बसली होती. त्यांना बोलावलंय हे मला माहीत नव्हतं. त्या उठून जवळ आल्या. विचारलं, “त्यांना किती वेळ मिळाला होता?”
अधिकारी कागद चाळायला लागले. कागदात नव्हतं ते. मला माहीत होतं, स्क्रीनवर बघितलं होतं.
म्हटलं, एक मिनिट दहा सेकंद.
त्यांनी मान हलवली. पदराने हात पुसले, का कोणास ठाऊक, आणि निघून गेल्या. मी अजून जमिनीवरच होतो. बाई दुसरा पट्टा कापत होत्या.