वरच्या मजल्यावरचा फोन

मंगळवार, ११ नोव्हेंबर
नवं वायफाय मागच्या खोलीत पोचतच नाही! सगळी खोकी, कपाटं भिंतीला लावलीत, म्हणून असेल. बिल्डिंग पाडायला तेरा दिवस, पण ऑफिसचं काम थोडंच थांबतंय? माळ्यावरून बाबांच्या वेळचा जुना राउटर काढला. त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटायचं काम, बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलला, नव्या राउटरपासून मागपर्यंत वायर ओढली. नेट नव्याचं, हा फक्त पुढे पसरवतो. नाव-पासवर्ड जुनेच ठेवले. झकास चाललाय.

बुधवार, १२
कोणकोणते फोन जोडलेत त्याची यादी बघत होते. माझा, आईचा, लॅपटॉप. आणि चौथा — ‘जयवंत’.
वरच्या ३०२चे जयवंतकाका! बाबांनीच त्यांना पासवर्ड दिला होता, तो त्यांच्या फोनमध्ये राहिला असणार. पण काका गणपतीला गावी गेले ते कायमचेच. मुलगा सर्वेश मुलुंडला असतो, म्हणून रिक्षापर्यंत मीच सोडलं. फोन सावंतवाडीत आणि वायफाय बोरिवलीत?

शुक्रवार, १४
रोज सकाळी नऊला येतो, पाचला जातो. तिसरा, चौथा मजला कधीच रिकामा झालाय. दारं-खिडक्या काढून नेल्या, जिन्यात पत्रा ठोकलाय. आई म्हणते, “फोन चोरला असेल कोणीतरी.” म्हणजे मग आमच्या डोक्यावर दिवसभर बसतं कोण?

शनिवार, १५
आज नाव आलं नाही. मला चुकल्यासारखं का वाटावं?

सोमवार, १७
दुपारी तीन. नाव होतं. सरळ काकांना फोन लावला.
“काका, कुठे आहात?”
“गावाक गो. पडवीत बसलंय.”
हे मी दोनदा ऐकलं. आधी खिडकीतून, वरून. मग कानात.
फोन कट केला. 

मंगळवार, १८
वर गेले. पत्र्याचा कोपरा वळवलेला, माणूस वाकून जाईल एवढा. ३०२ला दार नाही, फरशी उखडलेली. स्वयंपाकघरात रंगाच्या डब्यावर काका बसलेले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली. मला बघून उठायला गेले — पाहुणी आल्यासारखे!
“गावच्या घराचं छप्पर बसलं गो. सर्वेशाकडे एक खोली, चार माणसं. त्याला वाटतं मी गावी आहे. सांगू नको त्याला.”
“आणि सोमवारी बिल्डिंग पाडतील तेव्हा?”
“शनिवारी निघतंय मी.”
पाचनंतर फोन बंद करतात, बॅटरी पुरवायला; शनिवारी स्टेशनवर जाऊन चार्ज करून आणला होता. चार्ज करून दिला, आमटीभाताचा डबा दिला. कोणाला सांगणार नाही असा शब्दही दिला. का दिला!

शुक्रवार, २१
बिल्डिंग पाडणाऱ्यांचा मुकादम येऊन वरच्या मजल्यांवर हाका मारून गेला. “कोई है?” कोणी ओ दिली नाही. ‘वरचे मजले रिकामे’ असं कागदावर लिहून त्याने सही ठोकली. मी जिन्यातच उभी होते. दिलेला शब्द पाळला.

रविवार, २३
काल आम्ही दिंडोशीला भाड्याच्या घरात आलो. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा वर बघायचा धीर झाला नाही. काका निघाले का? त्यांचा फोन बंद. संध्याकाळपर्यंत लावत राहिले. शेवटी शब्द मोडला, सर्वेशला मुलुंडला फोन केला.
तो म्हणाला, “ताई, परवाच बोललो मी बाबांशी. मागच्या अंगणात नारळ पडला म्हणाले.”
उद्या सकाळी सात वाजता जुन्या बिल्डिंगच्या गेटवर भेटतोय.

सोमवार, २४
काका वरच होते. मशीन थांबवलं. सर्वेशने त्यांना हाताला धरून खाली आणलं, दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. काका थेट मुकादमाकडे गेले. “चालू करू नको रे. चौथ्यावर इरावतीबाई आहेत.”
इरावतीबाई! जुलैमध्ये पुण्याला लेकीकडे निघाल्या म्हणून सगळ्या बिल्डिंगने त्यांना हार घातला होता.
आतापर्यंत चार जण उतरलेत. गच्ची बघायची आहे अजून.