स्टँडला करंट येत नाही

मंगळ. ४ नोव्हें.
आजही रेकॉर्डिंग नाही. बी.डी.डी. चाळींचं पाडकाम एक वाजता जेवायला थांबतं, दोनला परत सुरू. अख्ख्या नायगावात मला मिळणारा तेवढाच काय तो शांत तास. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पुस्तक उघडलं, आणि माइकचा दिवा लागेचना.
लेकीने, मुग्धाने, वाढदिवसाला दिलेला स्टँड, ज्यावर स्क्रीन ठेवलाय, त्याच्या पुढच्या अंगाला चार यूएसबी पोर्ट आहेत. चारही मेलेले. माइक एकात घातला, दुसऱ्यात, तिसऱ्यात. पेनड्राइव्ह घालून पाहिला. काही नाही.
ह्यांना हाक मारली. आले, टेबलाखाली वाकून बघितलं. "पोर्ट गेलो गो. आतून जळलो असतलो."
शनिवारपर्यंत तर चालत होता. तिसऱ्या धड्याची अकरा पानं झाली होती.
रोहिणीची परीक्षा डिसेंबरात. दिसत नाही त्या पोरीला, इतिहासाचं अख्खं पुस्तक माझ्या आवाजात ऐकून पेपर देणार आहे. पोर्ट गेलो म्हणे.

बुध. ५
कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. तोच प्रकार.
स्टँडची एकच वायर मागून खाली जाते, सीपीयूच्या पाठीत. सीपीयू टेबलाच्या खालच्या खणात, भिंतीकडे तोंड करून. गुडघ्यामुळे मला तिथवर वाकता येत नाही. हे टॉर्च घेऊन गेले. "बसलेली आसा घट्ट."
मुग्धाचा फोन ठाण्याहून. गॅरंटी कार्ड शोध म्हणाली. मग एकदम, "आई, तू जरा विश्रांती घे की." कसली विश्रांती? स्टँड हिनेच दिला, वाचायला सोयीचं पडेल म्हणून.

शुक्र. ७
ह्यांनी स्टँड खोलला. चार स्क्रू. मीटर लावला, "पाच व्होल्ट येणत नाय," म्हणाले, परत बंद केला.
एक गोष्ट लिहून ठेवते. हा माणूस आधी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात, नंतर जन्मभर लिफ्टच्या देखभालीत. आमचा मिक्सर दहा मिनिटांत चालू केला. शेजारच्यांचा इन्व्हर्टर जेवणाच्या ताटावरून उठून केला. आणि एखादी वस्तू नाही जमली तर दिवसभर पुटपुटतात, जेवणावर लक्ष नसतं. आज काय? स्टँड बाजूला ठेवला, बांगड्याचं कालवण दोनदा मागून घेतलं आणि झोपले.
मुग्धाचा फोन. गॅरंटी कार्ड शोध म्हणाली.

शनि. ८
मी म्हटलं, स्टँड मरू दे. माइक सरळ सीपीयूच्या मागे लावा.
"मागचे पण गेले. मदरबोर्डच गेलो."
बरं म्हटलं. तांदूळ धुताना लक्षात आलं: कीबोर्ड आणि माउस मागेच लावलेत. सकाळी मी अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या संस्थेला मेल टाइप केला. मदरबोर्ड गेला तर माउस कसा फिरतो?
विचारलं.
"ते वेगळे."
"वेगळे म्हणजे?"
"वेगळे म्हणजे वेगळे गो."
वर बघितलं नाही. पेपर धरून बसले होते, पान मात्र एकच. म्युनिसिपल शाळेत एकतीस वर्षं गृहपाठाची वही हरवलेली पोरं बघितली आहेत मी. त्यांचीही मान अशीच असायची.

रवि. ९
गॅलरीत फोनवर बोलत होते. मी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा ऐकू आलं, "नाय, तिका अजून काय सांगूक नाय." मला बघून, "नंतर करतंय."
कोण होतं? म्हणे सोसायटीचा सेक्रेटरी. तो वरच्या मजल्यावर राहतो. दोघं जिन्यातून ओरडून बोलतात, फोन कधीपासून करायला लागले?
"तिका" म्हणजे मी. दुसरं कोण.
मुग्धाचं आणि ह्यांचं काहीतरी ठरतंय. ठाण्याला न्यायचं असेल. इथलं घर बंद करायचं असेल. त्यासाठी माझं वाचन थांबवायला लागतं का पण?

सोम. १०
लिहायला लाज वाटते. हे आंघोळीला गेल्यावर ह्यांचा फोन बघितला.
माधुरी. दोन-चार दिवसांआड माधुरी. संस्थेत रेकॉर्डिंगचं सगळं तीच बघते, काम असलं की मला फोन करते. ह्यांचा तिच्याशी काय संबंध? ह्यांनी तिला पाहिलंय एकदाच, वार्षिक कार्यक्रमात, समोसा खाताना.
पहिला फोन ३१ ऑक्टोबरचा. त्यानंतर चार दिवसांत पोर्ट बंद.
मला तिने महिनाभरात एकदाही फोन केलेला नाही.

मंगळ. ११
हे सकाळी शिवाजी पार्कला गेले, कट्ट्यावरच्या मित्रांकडे. दहापर्यंत येत नाहीत. दादरच्या कॉम्प्युटरवाल्या शिंदेला काल सांगून ठेवलं होतं. आठला आला.
टेबलाखाली आडवा झाला, वायर उपसली, उजेडात धरली. म्हणाला, "काकू, ही खराब नाही झालेली. ही बंद केलीय."
पिनेच्या तोंडात, जिथे पितळेच्या पट्ट्या असतात, त्यावर पारदर्शक टेप. बारीक, नखाएवढी. वायर घट्ट बसते, आत काहीच पोचत नाही. टेपची कड सरळ कापलेली आणि एक टोक जरासं दुमडलेलं, पुढच्या वेळी सहज सुटावं म्हणून. या घरात टेप असा एकच माणूस लावतो. मसाल्याच्या प्रत्येक बरणीवर तसंच टोक आहे.
शिंदेने टेप काढून वायर लावली. चारही पोर्ट चालू. माइकचा दिवा लागला.
मी म्हटलं, "टेप परत लाव."
"परत?"
"होता तसा."
त्याने माझ्याकडे बघितलं, लावला, काही न विचारता गेला. हे आले तेव्हा मी शेंगा सोलत होते.

बुध. १२
एक वाजता बाहेरचं मशीन थांबलं. मी मुद्दाम पुस्तक घेऊन बसले.
"आज पण बंदच काय?"
"हो, बंदच."
चेहरा सैल झाला ह्यांचा. न सांगता चहा टाकायला गेले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, इतकी वर्षं मी या माणसाला सरळ समजत होते. ओठात एक, पोटात एक असं कधी वाटलं नव्हतं. तासभर पंखा बंद राहतो म्हणून एवढा त्रास? की लोक बाईंचा आवाज, बाईंचा आवाज करतात, ते खुपतं?
चहा प्यायले. साखर नीट होती.
भाजी आणायला म्हणून मी उतरले आणि खालच्या जिन्यातून माधुरीला फोन लावला. तिचं पहिलंच वाक्य, "ताई, आता बरं वाटतंय का?"
"मला काय झालंय?"
"काका म्हणाले… तुम्ही एकदा काकांशी बोला ना, ताई."
"चौथा धडा मी कधी पाठवू?"
"चौथ्यापासून दुसऱ्या एक मॅडम वाचतायत. रोहिणी थांबू शकत नाही ना."
भाजी न घेता वर आले.

गुरु. १३
जेवणं झाली. बाहेर शांत झालं. हे संत्रं सोलत होते.
मी विचारलं, "टेप का लावलात?"
नाही म्हणाले नाहीत. हातातली फोड खाली ठेवली. बोटं लुंगीला पुसली. खूप वेळ फोनमध्ये काहीतरी शोधत राहिले, मग टेबलावर ठेवून म्हणाले, "ऐक."
माझा आवाज. दुसरा धडा, पान अठ्ठावन्न, दुष्काळाचा परिच्छेद. छान वाचलाय. जोडाक्षरं स्वच्छ, विरामचिन्हं जागच्या जागी. परिच्छेद संपला. मग तोच परिच्छेद परत सुरुवातीपासून. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर पान उलटल्याचा आवाज आणि पुढचा मजकूर. मध्ये अडखळणं नाही, "चुकलं" नाही, थांबणंसुद्धा नाही. तिन्ही वेळा पहिल्यांदाच वाचतेय अशी.
"रोहिणीक वाटला तिचा मशीन अडकला," हे म्हणाले. "मग तिने माधुरीक सांगितला."
"एकदाच झालं?"
"नाय."
"कधीपासून?"
"माधुरी म्हणता, ऑगस्टपासून. ती आधी कापून टाकत होती. मग जास्त व्हायला लागला."
"मला का नाही सांगितलंत?"
"कसा सांगू? तुका वाचूक आवडता." थोड्या वेळाने, "माका वाटला, मशीन बंद पडला तर तू आपसूक थांबशीत. दोष मशीनचो. तुझो नाय."
मी संत्र्याची सालं गोळा केली. दोन वाजता बाहेर परत ठोकाठोक सुरू झाली तेव्हा दोघांनाही बरं वाटलं असावं.

शुक्र. १४
माधुरीने जोडलं असेल. एकच तुकडा तीनदा चिकटवायला कितीसा वेळ लागतो. नव्या मॅडमना जागा करून द्यायची असेल.
ह्यांच्या फोनवरून फाईल माझ्याकडे घेतली. हेडफोन लावून सकाळपासून तेच ऐकतेय. चिकटवलेलं असेल तर तिन्ही तुकडे हुबेहूब सारखे असणार.
पहिल्यात "धान्य" शब्दानंतर माझी बांगडी टेबलाला लागते. दुसऱ्यात लागत नाही. दुसऱ्यात लांबून भंगारवाल्याची हाक आहे. तिसऱ्यात मी "कोठारे" म्हणताना आवंढा गिळते.
सारखे नाहीत. तिन्ही वेळा मीच वाचलंय.
पान अठ्ठावन्न वाचल्याचं मला आठवतं. एकदा.

शनि. १५
ही वही पहिल्या पानापासून तपासली. माझ्याच अक्षरावर पाळत ठेवल्यासारखं वाटलं.
पाच तारखेला: मुग्धाचा फोन, गॅरंटी कार्ड शोध म्हणाली. सात तारखेला: मुग्धाचा फोन, गॅरंटी कार्ड शोध म्हणाली.
दोनदा केला असेल फोन. करते ती, विसरून. मुग्धाला विचारता येईल. विचारलं नाही.
ती संध्याकाळी आली. तिला सगळं माहीत होतं, पहिल्यापासून. रडली थोडी. गुरुवारी परळला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. "नुसतं दाखवून तर येऊ, आई." नुसतं.
मी तिला म्हटलं, सगळे मिळून माझ्या पाठीमागे बोलत होता, त्याची चीड जास्त आली आहे. बाकीचं अजून कळलेलं नाही मला.
हे आत भांडी लावत होते. भांड्यांचा आवाज थांबला होता.

रवि. १६
ह्यांच्याशी बोलणं कामापुरतं. मीठ. किल्ली. पाणी आलं.
दुपारी मीच म्हटलं, तिसरा धडा माझ्याकडेच आहे. अकरा पानं झालीत, तेवीस राहिलीत. तो मी पुरा करणार. चुकले तर चुकले, पण चुकले हे मला त्या क्षणी कळलं पाहिजे. महिन्याने नको.
हे उठले. मग खाली वाकले, गुडघे वाजले, वायर काढली. टेप निघाला.
ठरलं असं: हे समोर खुर्चीत बसणार. धड्याची झेरॉक्स ह्यांच्या मांडीवर, ओळीखाली बोट. मी घसरले, मागे गेले, काही गाळलं, तर हात वर करायचा. तोंडाने बोलायचं नाही, रेकॉर्ड होतं.
"शाळेसारखा," हे म्हणाले.
"शाळेसारखंच. आणि दया करायची नाही."
"नाय करूचंय."

सोम. १७
एक ते दोन. तिसरा धडा, पान ब्याण्णवपासून. माइक पहिल्याच पोर्टला चालला.
सुरुवातीला आवाज कापत होता, मग लागला. मिठाच्या कराचा भाग आला, तिथे तर रंगले. मधूनच भीती वाटायची, ही ओळ आत्ताच वाचली का? की कालच्या तयारीत? पुढे जात राहिले. नऊ पानं झाली. ह्यांनी एकदाही हात वर केला नाही.
बंद केल्यावर विचारलं, "बरोबर झालं?"
"एक नंबर."
"कुठेच नाही?"
"नाय गो. खूप बरा वाचलंस."
पान सत्त्याण्णवच्या आसपास मी एकदा मान वर केली होती. ह्यांचं बोट ओळीखाली होतं. नजर कागदावर नव्हती, माझ्याकडे होती. आणि पाणी होतं डोळ्यांत.
आता आत पडलेत, भिंतीकडे तोंड करून. झोपलेत असं वाटत नाही.
फाईल समोर आहे. बेचाळीस मिनिटं. नऊ पानांना एवढी लागतात का, आठवत नाही. हेडफोन लावलेत, माधुरीला अजून पाठवलेली नाही.