फाईलचं पूर्ण नाव

प्रिय ढमे,

तुझं मेमरी कार्ड आईच्या नर्सबाईंनी नेहमीप्रमाणे आणून दिलं. आईला तुझं नवं घर बघायची कोण घाई! पण तुझा कॅमेरा जुना, आमचा टीव्ही नवा, दोघांचं काही जमेना. पडद्यावर नुसतं 'फाईल चालत नाही'. आई माझ्यावरच रुसली, जणू तो टीव्ही मीच बनवलाय. मग मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक फुकटची साइट शोधली. आपला व्हिडिओ तिथे चढवायचा, कुठल्या प्रकारात हवा ते निवडायचं, की पाच मिनिटांत बदलून परत मिळतो.

मिळालाही. हिरवं दार, स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारं शाळेचं मैदान. आईने चार वेळा पाहिलं. तू आतून कडी लावून दाखवतेस ना, तिथे ती दरवेळी रडली. नवऱ्याच्या मारातून सुटून दोन वर्षं तू लपत फिरलीस. आता निदान झोप लागते, हे तिला त्या कडीवरून कळलं. मलाही तेव्हा फार बरं वाटलं.

माझ्या नोकरीची खोड तुला ठाऊक आहे. दप्तरखान्यात अठरा वर्षं काढली. फाईलला अर्धवट नाव दिलं की साहेब खवळतात. नाव, पत्ता, तारीख, सगळं हवं; कोणीही शोधली तरी सापडली पाहिजे. मी वाण्याच्या यादीवरही तारीख घालते म्हणून तू हसायचीस. तुझ्या कॅमेऱ्याने त्या व्हिडिओला नुसते आकडे दिले होते. चढवण्याआधी माझ्या हातांनी सवयीने ते खोडले आणि नीट नाव दिलं. तुझं नाव, इमारत, तिसरा मजला, गल्ली, गाव.

आज दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हसतमुख. आईच्या तब्येतीची चौकशी केली, पाणी प्यायला, पेला स्वतः विसळून ठेवला. तुझ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आजवर तर तो दुसरं काही विचारतच नव्हता. निघताना बूट घालता घालता म्हणाला, हिरवं दार छान उठून दिसतं, आणि शाळेजवळ राहिलं की सोबत असते.

मी तशीच ऑफिसात धावले. तुझं नाव टाकून शोधलं. पहिलीच ओळ तुझी. त्या साइटवर 'नुकत्याच बदललेल्या फाईली' अशी यादी असते, कोणालाही उघडी. मी दिलेलं नाव जसंच्या तसं, आणि खाली, एकेचाळीस वेळा पाहिला. काढून टाका म्हणून तीनदा लिहिलं, उत्तर नाही. तुझ्या गावच्या चौकीला फोन केला. अर्ज घेऊन या म्हणाले.

ढमे, हे माझ्या हातून झालं. माझं तोंड पाहू नकोस हवं तर, पण ते नंतर. त्याच्या घराला संध्याकाळपासून कुलूप आहे, गाडीही नाही. त्याच्याच भीतीने तू जवळ फोन ठेवत नाहीस, आणि तिकडे जाणारी बस सकाळी एकच. आईला धाप लागलीय, म्हणून मी येऊ शकत नाही, हे पत्र घेऊन नर्सबाई येताहेत. वाचून होईपर्यंत त्या तुझ्यासमोर बसतील. मग एक पिशवी भर आणि त्यांच्याबरोबर मागच्या जिन्याने निघ. तेवढ्यात बेल वाजली तर दार उघडू नकोस. आमच्याकडून आणखी कोणीही येणार नाही.

तुझीच,
ताई