आरती खालपर्यंत ऐकू जायची

समा, बडोदे
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. आत्यासाहेबांस,
शलाकाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तुमच्या भाच्याने, समरजितने, बुधवारी आणून दिलं. दारातच उभं राहून म्हणाला, "आत्याने कह्युं छे की जवाब लेखी पाहिजे." समा ते खंडेराव मार्केट रिक्षाने वीस मिनिटं लागतात, फोन आपल्या दोघींकडे आहे, पण जगदाळ्यांच्या घरात महत्त्वाचं ते कागदावर, ही तुमची रीत. तर हा घ्या कागद.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिना कमी वापरा. इकडे सगळं ठीक आहे. परवा बाबांचं श्राद्ध झालं. आईने सगळं मराठी पद्धतीने रांधलं, आमसुलाच्या चटणीसकट, आणि शेवटी बाबांना आवडायची म्हणून गुजराती कढी वेगळी केली. कावळा आधी कढीकडेच वळला. आईला हसू आलं, मग रडू आलं. पितृपक्षात असलं पत्र लिहू नये हे मला कळतं, पण घटस्थापना आठवड्यावर आली, थांबायला वेळ नाही.

तुम्ही लिहिलंत की यंदा पहिल्या माळेची पूजा मी करावी. चॅनेलवाले येणार आहेत, समाजातली मंडळी येणार आहेत, मी चार वर्षं त्या घरात पाय ठेवला नाही तो आता ठेवावा. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खाली दोन ओळी आहेत. "एकटीनेच ये. आणि मुलाखतीत पादऱ्याचा विषय काढू नकोस."

पादरा हे आईचं माहेर; पादऱ्याचा विषय म्हणजे माझी आई. तिचं नाव निरुपमा आहे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तुमच्या तोंडून मी ते एकदाही ऐकलेलं नाही.

आता माझं गाणं. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या मागे उभी राहून गायले. गरब्याच्या मैदानावर आयोजक विचारायचे, "तमे मराठी छो ने? उच्चार संभाळजो." मुंबईला गेले तर तिथे एकजण म्हणाला, तुमच्या मराठीला गुजरातीचा वास येतो, त्यापेक्षा 'शॅली' नाव घ्या आणि हिंदीत गा. मी त्याच्या टेबलावरचा चहा पिऊन परत आले. मग आपल्याच ओट्यापाशी उभं राहून मी मराठी जोगवा गायला, मधल्या ओळी गुजराती टाकल्या आणि आईने स्टीलच्या डब्यावर ठेका धरला. फोनवर रेकॉर्ड केलेलं ते गाणं कुठल्या कुठे गेलं, तुम्हाला ठाऊक आहेच. समरजित सांगत होता, तुम्ही ते दार लावून ऐकता.

लोक अजूनही लिहितात, ही धड मराठी नाही, धड गुजराती नाही. मला कुणी अर्धी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अर्धी कशी? दोन्ही घरांनी मला पोटभर रागावलेलं आहे.

मुलाखतींमध्ये विचारतात, एवढा मोकळा आवाज कुणी घडवला? मी गुरुजींचं नाव सांगते. खरं उत्तर आज तुम्हाला देते. आबासाहेब आजोबा गेल्यावर आपण वेगळे झालो, तरी नवरात्रात बाबा रोज सकाळी मला तुमच्याकडे आरतीला आणायचे. स्कूटरवर आम्ही तिघं यायचो. वर दोघंच चढायचो. आई खाली थांबायची, मार्केटच्या कोपऱ्यावरच्या फूलवालीपाशी, कारण घटाजवळ तिने यायचं नाही असं तुम्ही ठरवलं होतं. आरती खालपर्यंत तिला ऐकू जावी म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडायचे. तुम्ही म्हणायचात, "हळू गं, देवी बहिरी नाही." देवीसाठी नव्हतंच ते. माझा आवाज तुमच्या जिन्याने घडवला आहे, आत्यासाहेब.

इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा चहा केला, एकदा उगाच गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. सगळं लिहिलं आणि लिहायचं ते राहिलंच.

सत्तावीस वर्षांपूर्वी पाचव्या माळेला दुपारी घट हलला. तुम्ही आत आलात तेव्हा आईचे दोन्ही हात घटाला होते, पत्रावळीवरची माती फुटली होती, उगवलेले पिवळे कोंब उपटले गेले होते, नारळ समईपाशी पडला होता. आई म्हणाली, "मारी भूल थई गई, बेन." तीन दिवसांनी, आठव्या माळेला, आबासाहेब गेले. त्यानंतर त्या घरात तिच्यासाठी जागा उरली नाही.

घट आईने हलवला नव्हता. मी हलवला होता.

आदल्या दिवशी आम्ही पादऱ्याला जाऊन आलो होतो. तिथे माझ्या मावश्या आत दिवा लावलेला गरबो, तो भोकाभोकांचा मातीचा घट, डोक्यावर घेऊन फेर धरत होत्या. मामाने मला कौतुकाने खांद्यावर बसवलं होतं, म्हणून मला सगळं नीट दिसलं. आपल्या घरी आल्यावर मला वाटलं, आपली देवी बिचारी एका जागी बसून कंटाळली असेल. सात वर्षांची होते. तुम्ही सगळे जेवून आडवे झाला होतात. मी घट उचलला, डोक्यावर घेतला आणि देवघरात दोन फेर धरले. तिसऱ्याला पाणी डोळ्यांत गेलं. नऊ दिवस तो जागचा हलवायचा नसतो हे मला ठाऊक होतं का? होतं. तुम्हीच सांगितलं होतं. तरी उचलला, आणि ते दोन फेर होईपर्यंत मी फार खूश होते.

आईने धावत येऊन तो माझ्या डोक्यावरून काढला आणि जागेवर ठेवला, तेवढ्यात तुम्ही आलात. तिने मला पदराआड ओढलं. मी तोंड उघडणार तर तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. पुढे मी खूपदा म्हटलं, सांगूया. तिचं एकच, "छोकरी पर डाघ नहि लागवा दउं. मला बोलतात ते बोलू देत." आणि मी तिला बोलू दिलं. आधी भीतीने, मग सवयीने. मोठी झाले, नाव झालं, तरीही. कितीतरी वर्षं मला वाटायचं की आबासाहेबांना मी मारलं. ते एक्याऐंशीचे होते, महिनाभर छातीत दुखत होतं आणि दवाखान्यात जायला तयार नव्हते, हे बाबांनी मला मी चोवीस वर्षांची झाल्यावर सांगितलं. ते तुम्हालाही तेव्हा माहीत होतं. मला क्षमा मागायची आहे ती आईची. तुमच्याकडे मी क्षमा मागत नाही.

अजून एक. बाबा रोज माळ घेऊन वर यायचे, आठवतं? तुम्ही ती हातात धरून म्हणायचात, "अशी दाट माळ दुसऱ्या कुणाची नसते." ती फूलवालीने ओवलेली नव्हती. आम्ही तिघं दुकान उघडताच पोचायचो आणि आई तिच्या शेजारी गोणपाटावर बसून झेंडू ओवायची. बाबा गेले त्या वर्षापर्यंत तुमच्या घटावर तिच्याच हातची माळ बांधली जात होती. बाबांमध्ये तुमच्यापुढे बोलायची हिंमत नव्हती, तेवढं मात्र त्यांनी केलं. त्या वर्षांत घराण्याचं काही वाईट झालं असेल तर कळवा.

आता माझा जवाब. सोमवारी बावीस तारखेला सकाळी नऊ वाजता मी येणार. आईला घेऊन येणार. तिच्या हातात तिचा गरबो असेल, पादऱ्याच्या कुंभाराकडचा, आणि तो तुमच्या घटाच्या शेजारी बसेल. पूजा आम्ही दोघी करू, आणि चॅनेलवाल्यांना मी तिचं नाव, गाव, सगळं सांगेन. घटाची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. ती आधी तुमची आहे.

आईला या पत्राचं काही माहीत नाही. तिला कळलं तर ती मला ते फाडून टाकायला लावेल, म्हणून आत्ताच रिक्षाने समरजितकडे देऊन येते.

घट हलवणाऱ्याला घरात जागा नाही, हा तुमचा नियम मी मोडायला सांगत नाही. पाळायचाच तर माझ्यावर पाळा. तिला वर घ्या आणि मला खाली थांबवा. मी फूलवालीपाशी उभी राहीन आणि तिथून आरती म्हणेन. माईक लागणार नाही. खालून वर ऐकू जाईल एवढा आवाज तुमच्याच घराने मला दिला आहे.

गुडघ्यांना तेल लावत जा.

पाचव्या माळेला घट उचलणारी,
निरुपमाची आणि उदयसिंहरावांची मुलगी
शलाका जगदाळे